आचार्य, आचारी आणि संगणक

आचार्यांना वंदन करावें आणि आचाऱ्यांना मीठ बेतानें घालावयास सांगावें, हें मराठी माणसास शिकवावें लागत नाहीं. दोन शब्दांतील भेद मीं आतां उच्चारानें दाखविला. कागदावर तो दाखविण्यासाठीं आपली लिपि पहिल्या शब्दांत 'य'च्या माथ्यावर रफार देते, तर दुसऱ्यांत 'य'च्या अलीकडे एक लहानशी वांकडी रेघ काढते. हिंदीला या रेघेची गरज भासत नाहीं; मराठीचें तिच्यावांचून चालत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर ती नीट उमटावी, याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाच्या इतिहासाचा कांहीं भाग मुंबईच्या उपनगरांत घडला आहे.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती पुष्कळदां बंद पेटींत मिळते: वापरावी, उघडून पाहूं नये. १९८३ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं या रीतीस हरकत घेऊन 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं तो ग्नूच्या परवान्याखालीं आणला. परवान्याचा आशय असा कीं, घ्या, पाहा, बदला, वाटा. मात्र वाटतांना घेणाऱ्यालाहि हीच मोकळीक द्या. शेजारणीकडून विरजण आणावें आणि उद्यां तिसरीनें मागितल्यास नाहीं म्हणूं नये, तसा हा व्यवहार.

अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेस जुहू येथें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतें. १९८५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका विभागांतून तें उभें राहिलें, व पुढें सी-डॅकमध्यें विलीन झालें. तेथें र. कृ. जोशी यांनीं काम केलें. १९३६ सालीं जन्मलेले जोशी कवि होते, सुलेखनकार होते. जाहिरातीच्या क्षेत्रांत नांव मिळविल्यावर त्यांनीं पवईच्या आय. आय. टी.मध्यें अक्षरकलेचें अध्यापन केलें. विंडोज या बंद प्रणालींत येणारा 'मंगल' हा टंक, म्हणजे अक्षरांचा संच, त्यांच्याच हातचा. आणि जुहूच्या केंद्रानें ग्नूच्या परवान्याखालीं खुला केलेला 'रघु' हा टंकहि त्यांचाच. हात एक, पण अक्षरांचें दैव दोन प्रकारचें! पहिल्यांत एखादें जोडाक्षर अडखळलें तर मालकाकडे अर्ज करावा. दुसऱ्यांत जाणत्यानें अक्षराची आकृति उघडावी आणि दुरुस्त करावी. जोशी २००८ सालीं निवर्तले. दुरुस्तीचा हा अधिकार मात्र शाबूत आहे.

तो बजावण्यास प्रत्येकानें गणिती असावें असें नाहीं. लिनक्सच्या पडद्यावरील इंग्रजी वाक्यें एका यादींत असतात; प्रत्येकाखालीं रिकामी जागा, तींत मराठी लिहावयाचें. काम वाटतें तितकें सोपें नाहीं. 'एक फाइल निवडली', पण 'दोन फायली निवडल्या'. म्हणून एकाच वाक्यासाठीं दोन जागा ठेवाव्या लागतात. शब्दांवरून वादहि होतात. 'साठवा' म्हणावें कीं 'जतन करा'? मला 'जतन' आवडतें, कारण साठवावयाचें तें धान्य. फाइलीस 'धारिका' म्हणण्याचा आग्रह मात्र मला पटत नाहीं; कचेरींतला शिपाईहि फाइलच म्हणतो.

दुसरी सेवा दोष कळविण्याची. 'अक्षर बिघडलें' एवढें लिहून भागत नाहीं. प्रणालीची आवृत्ति कोणती, टंक कोणता, कोणत्या कळा कोणत्या क्रमानें दाबल्या, हें सांगावें लागतें. आपली ती वांकडी रेघच घ्या. ती दोन रीतींनीं लिहितां येते: खालीं टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून व त्यापुढें एक अदृश्य सांधा देऊन. दिसावयास दोन्हीं रूपें सारखीं. परंतु एका रीतीनें लिहिलेले 'आचाऱ्यांना' दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास पुष्कळदां सांपडत नाहींत. आज रात्रीं आपल्या यंत्रावर हा शब्द दोन्हीं रीतींनीं लिहून पाहा, आणि जेथें तो मोडेल तेथील हकीकत त्या प्रणालीच्या कार्यकर्त्यांना कळवा.