मांसल पर्णांतील जलसंचयाचे मापन : बारामती-इंदापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. १८७६-७८ च्या दुष्काळाची तीव्र झळ या भागाला बसली. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर बागायत व जिरायत असे दोन भिन्न पट्टे येथे शेजारी शेजारी दिसू लागले. कालव्याचे पाणी मोजण्याची व्यवस्था शासनाने केली. परंतु जिरायत बांधावरील घायपात, कोरफड यांसारख्या वनस्पती पानांत जे पाणी साठवितात, त्याच्या मापनाचा इतिहास फारसा परिचित नाही.

या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद भारतातच झाली. बेंजामिन हाइन यांचे पानफुटीविषयीचे पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले. पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. अशा वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेतात, तो आम्लरूपात साठवितात आणि दिवसा बाष्पोत्सर्जन टाळतात, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजेच, मापनाची वेळ हा गौण तपशील नव्हे.

१९१२ मध्ये एलेन डेल्फ यांनी पानातील पाण्याचा संबंध पृष्ठफळाशी जोडून मांसलतेचे परिमाण मांडले. १९५० मध्ये वेदर्ली यांनी कापसाच्या पानांच्या चकत्या पाण्यावर तरंगत ठेवून पूर्ण फुगीर अवस्थेतील वजन हा तुलनेचा आधार मानला. ताजे, फुगीर व शुष्क अशा तीन वजनांवरून सापेक्ष जलांश काढण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

ही पद्धत पातळ पानावर घडलेली होती. कोरफडीच्या कापलेल्या तुकड्यातून गर पाझरतो. जाड पान फुगण्यास व वाळण्यास अधिक वेळ लागतो. शिवाय टंचाईत जलसंचयी ऊती आधी आकसते व हरित ऊतीला पाणी पुरविते. त्यामुळे संपूर्ण पानाचा एकच आकडा ही अंतर्गत देवघेव झाकून टाकतो. फड्या निवडुंगाचा फड तर पान नसून खोड आहे. त्याची गणना वेगळीच करावयास हवी.

२००९ मध्ये बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तथापि तराजू व उष्णपेटी एवढ्या साधनांवर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे मापन शक्य आहे. मात्र वेळ, ऊती व शेवटच्या पावसानंतरचे दिवस यांची नोंद नसल्यास बारामतीचा आकडा इंदापूरच्या आकड्याशी ताडून पाहता येणार नाही.