विजयानंदची नाळ नाशिक रोडला

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहाचं नाव काढलं की बोलणं थेट 21 डिसेंबर 1909 च्या रात्रीवर जातं. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा खेळ, किर्लोस्कर मंडळींचं ‘संगीत शारदा’ आणि जॅक्सनचा जीव घेणाऱ्या अनंत कान्हेरेंच्या गोळ्या. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मला या रंगभूमीचा उगम दिसतो तो तिथून आठ-दहा किलोमीटरवर, नाशिक रोड स्टेशनात.

जुनी मंडळी श्रेय देतात क्षेत्राला: गोदाकाठची कीर्तनं, यात्रा, सिंहस्थ. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाला रोज दोन वेळा जेवायला लागतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत सुरुवात केली, तेव्हा मोजक्या सामानावर भागत होतं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि थाट वाढला. बांबूला गुंडाळलेले रंगीत पडदे, शालू-शेल्यांच्या पेट्या, साजिंदे, आचारी. हा पसारा मुलखभर फिरवायचा तर आगगाडीच हवी.

गाडी मात्र गावाबाहेर थांबायची. ती उणीव 1891 च्या सुमारास ट्रामनं भरून काढली. स्टेशन ते मेन रोडवरची नगरपालिका, आधी घोड्यांनी ओढलेली, पुढे पेट्रोल इंजिनावर. माझा तर्क असा की नटमंडळी ट्रामनं गावात जात आणि पडदे-पेट्या बैलगाड्यांतून मागून येत. कोणी म्हणेल, टांगे होतेच की! होते, पण देवळाली-भगूरकडचा प्रेक्षक खेळाला आणायचा तर स्वस्त, ठरल्या वेळेची सवारीच लागते.

कान्हेरे शिकायला औरंगाबादेत होते. तिथून मनमाडला जोडणारा लोहमार्ग 1900 पर्यंत झाला होता. म्हणजे नाटकवाले आणि कान्हेरे एकाच फलाटावर उतरले असणार, असं मी धरून चालतो. जॅक्सनला मारण्याचा कट रचणाऱ्यांनी नाट्यगृहच का निवडलं, याचंही उत्तर मला सोपं वाटतं: साहेब आणि गाव एका छपराखाली, हातभर अंतरावर येण्याची दुसरी जागा नाशकात कुठे होती?

1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट मराठीत बोलू लागला. त्याच सुमारास ट्रामही बंद पडली. बोलपटानं नाटक कंपन्या बुडवल्या हे खरंच. पण अख्खं बिऱ्हाड हलवण्यापेक्षा डब्यातली रिळं पाठवणं स्वस्त पडत होतं, हा वाहतुकीचा हिशेब कोणी मांडत नाही. पुढे विजयानंदमध्येही सिनेमाच लागू लागला.