एका हातोडीची गोष्ट

गेल्या वर्षी नऊ महिने इंग्लंडमध्ये ऑनसाइट होतो. ऑनसाइट म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर लंडन येतं, पण आमचं ऑफिस होतं इप्सविचजवळ. इप्सविच म्हणजे लंडनच्या ईशान्येला असलेल्या सफोक काउंटीतलं मुख्य शहर. संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, त्यानंतर करायचं काय हा मोठा प्रश्न. पहिले चार वीकएंड लंडनला जाऊन पैसे उडवले. मग टीममधला एक तिथलाच सहकारी म्हणाला, "सफोकमध्ये वर बघण्यासारखं फार नाही, जमिनीखाली बघ."

मला वाटलं टिंगल करतोय. करत नव्हता.

त्याने सांगितलेली पहिली गोष्ट हातोडीची. सफोकच्या उत्तर टोकाला एक खेडं आहे, स्पेलिंग वाचून काहीही म्हणावंसं वाटेल, पण उच्चार 'हॉक्सन'. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र एरिक लॉज हा निवृत्त माळी, त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. १६ नोव्हेंबरला लॉज हातोडी शोधायला गेला. डिटेक्टर वाजला, पण खालून निघाले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा, तुम्ही काय केलं असतं? मी तर प्रामाणिकपणे सांगतो, कोपरापर्यंत हात घालून सगळं बाहेर काढलं असतं. लॉजनेही काही वस्तू काढल्या. पण मग तो थांबला. त्याने आणि त्या शेतकऱ्याने पोलिसांना आणि जमिनीच्या मालकाला कळवलं. मालक म्हणजे सफोकची काउंटी कौन्सिलच होती. दुसऱ्याच दिवशी काउंटीचे पुरातत्त्ववाले आले आणि उरलेला साठा त्यांनी नीट, मातीच्या ढेकळांसकट उचलला.

काय काय निघालं? जवळजवळ १५,००० नाणी, त्यातली ५६९ सोन्याची, बाकी बहुतेक चांदीची. शिवाय दागिने आणि चांदीच्या वस्तू मिळून दोनशेच्या आसपास. रोमन ब्रिटनमधला हा सगळ्यात मोठ्या खजिन्यांपैकी एक. त्याची किंमत १७.५ लाख पौंड ठरली, ती सरकारने लॉजला दिली आणि त्याने ती मित्राबरोबर वाटून घेतली. ती हातोडीही पुढे सापडली आणि आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे :-)

पण मला सोन्यापेक्षा जास्त भावलं ते वेगळंच. लॉज वेळेवर थांबला म्हणून कळलं की हे सगळं एका ओकच्या पेटीत होतं, साधारण ६० सेंटिमीटर लांब. आत लहान पेट्या होत्या, त्यांना चिमुकली कुलुपं होती. एका प्रकारच्या वस्तू एका ठिकाणी, काही लोकरी कापडात गुंडाळलेल्या. म्हणजे कोणी घाबरून खड्ड्यात फेकलेला ऐवज नव्हता हा. घर आवरावं तसा आवरून ठेवला होता. एका बांगडीवर ज्युलियाना नावाच्या बाईसाठी शुभेच्छा कोरलेल्या आहेत. सगळ्यात नवी नाणी इ.स. ४०७-४०८ ची. रोमची ब्रिटनवरची सत्ता संपली ती इ.स. ४१० च्या सुमारास. कोणीतरी परत येण्याच्या हिशोबाने सामान बांधलं आणि परत येणं झालंच नाही. ही गोष्ट नाण्यांनी सांगितलेली नाही. ती सांगितली कुजलेल्या लाकडाने, कापडाच्या धाग्यांनी आणि बिजागऱ्यांनी, ज्यांची बाजारात किंमत शून्य.

त्या साठ्यात आपल्याकडचा एक धागाही आहे. चांदीच्या चार मिरीदाण्या सापडल्या. त्यातली एक बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची, जेमतेम १० सेंटिमीटर उंच. तळाला एक फिरती चकती आहे. एका बाजूला फिरवली की मिरी भरायची, दुसरीकडे फिरवली की शिंपडायची, तिसरीकडे बंद. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे डिझाइन बघून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. आणि त्यात घालायची काळी मिरी यायची कुठून? मलबार किनाऱ्यावरून. केरळातून जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, मग रोम आणि शेवटी सफोकच्या चिखलातलं एक जेवणाचं टेबल. ब्रिटिश म्युझियममध्ये त्या काचेसमोर मी बराच वेळ उभा होतो.

आता याच काउंटीतली दुसरी गोष्ट ऐका, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल.

सफोकच्या पश्चिमेला मिल्डनहॉल गाव आहे. १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, गॉर्डन बुचर नावाचा माणूस तिथे नांगरत होता. नांगर कशाला तरी अडला. त्याने सिडनी फोर्डला बोलावलं आणि दोघांनी मिळून रोमन काळातली चांदीची भांडी बाहेर काढली. त्यात एक परात आहे, सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची, वजन आठ किलोच्या वर, वर समुद्रदेव आणि नाचणाऱ्या बायका. फोर्डने सगळं घरी नेलं, घासूनपुसून साफ केलं, वाकलेलं सरळ केलं आणि घरात मांडलं. अधिकाऱ्यांना कळलं ते थेट १९४६ मध्ये.

भांडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये झळकतायत, अतिशय देखणी आहेत. पण ती पेटीत होती की कापडात, कोणत्या क्रमाने रचली होती, काही कळायला मार्ग नाही. इतकंच नाही, तर ती खरंच सफोकच्या मातीत सापडली का, अशी शंकाही काही तज्ज्ञांनी घेतली. जवळच विमानतळ होता, त्यामुळे परदेशातून लुटून आणलेला माल असेल अशा कंड्या पिकल्या. पुढे हॉक्सनसारखे साठे सापडले, तेव्हा ब्रिटनमध्ये एवढी श्रीमंती होती हे लोकांना पटलं आणि शंका बऱ्याच मावळल्या. पण गेलेली माहिती ती गेलीच.

आमच्या धंद्यात याला जुळणारा एक प्रकार आहे. रात्री दोनला प्रॉडक्शन सर्व्हर पडतो. कोणीतरी घाबरून तो रीस्टार्ट करतो. सिस्टिम चालू, क्लायंट खूश. सकाळी मूळ कारण शोधायला बसावं तर तात्पुरते लॉग रीस्टार्टमध्ये पुसले गेलेले! मी स्वतः हे केलंय, आणि मॅनेजरचं बोलणंही खाल्लंय. वस्तू म्हणजे सिस्टिम, आणि ती ज्या मातीत, ज्या शेजारात सापडली तो लॉग. वस्तू घासून पुन्हा चमकवता येते. लॉग दुसऱ्यांदा मिळत नाही.

इंग्लंडने यातून कायदा सुधारला. आधी 'ट्रेझर ट्रोव्ह' ही जुनी पद्धत होती. सोन्याचांदीचा ऐवज पुन्हा काढून नेण्याच्या इराद्याने पुरला होता का, यावर तो राजाचा की मालकाचा हे ठरायचं. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने हे बदललं. खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवायची, म्युझियमला हवी असेल तर ठरलेल्या किमतीएवढं बक्षीस मिळू शकतं. जोडीला १९९७ पासून एक योजना आहे, जिच्यात साधं बक्कल किंवा बटणही जागेसकट नोंदवता येतं. तिच्या डेटाबेसमध्ये आज १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत, आणि तो कोणालाही घरबसल्या बघता येतो.

याचा फायदा काय, ते रेंडलशॅममध्ये दिसतं. तिथल्या एका शेतात चोर रात्री डिटेक्टर घेऊन खणत होते. जमीनमालक वैतागून काउंटीच्या पुरातत्त्व विभागाकडे गेला. २००८ पासून मोजक्या स्वयंसेवकांनी हातात तेच डिटेक्टर घेऊन सुमारे १५० हेक्टर जमीन पिंजून काढली, आणि प्रत्येक तुकड्याची जागा जीपीएसवर टिपली. एकेकटा तुकडा क्षुल्लक, पण सगळे ठिपके नकाशावर पडल्यावर एक अख्खी राजवस्ती उभी राहिली. आठव्या शतकात बीड नावाच्या साधूने उल्लेख केलेली, पण जागा नक्की माहीत नसलेली. २०२२ मध्ये तिथे २३ मीटर लांबीच्या लाकडी राजवाड्याच्या खुणा सापडल्या, २०२३ मध्ये बहुधा ख्रिस्तपूर्व धर्माच्या एका मंदिराच्या. नेटफ्लिक्सवर 'द डिग' पाहिला असेल तर सटन हू माहीतच असेल, ते जहाजात पुरलेल्या राजाचं दफन. ते इथून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर. राजा पुरला तिथे, आणि नांदला इथे.

एका रविवारी मी रेंडलशॅमला गेलो. बघायला काहीही नाही. शेतं, एक जुनं चर्च आणि बोचरा वारा. तिथे उभा असताना मला आमच्या घरातल्या शिवराया आठवल्या.

साताऱ्याकडे आमच्या गावी, माझ्या जन्माच्या खूप आधी, जोतं खणताना शिवकालीन पद्धतीची तांब्याची नाणी सापडली होती. आजीने ती चिंचेने लख्ख घासली आणि प्रत्येक नातवंडाला एकेक दिली. माझी माझ्या पाकिटात असते. आपल्याकडे १८७८ पासून कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायचं. घरात कोणाला ते माहीतही नसावं. म्हणजे फोर्डला हसणारा मी, माझंही घर त्याच रांगेतलं.

परतल्यावर थोरल्या आत्याला फोन केला. वय पंच्याऐंशी. म्हटलं, "आत्या, ती नाणी नेमकी कुठं सापडली गं?" ती म्हणाली, "न्हाणीच्या मागं, चाफ्याजवळ. मडक्यात होती, वर पालथी पणती होती. पणती मीच फोडली, लहान होते."

पालथी पणती! हे आमच्या घरात आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी तारीख घालून सगळं वहीत लिहून घेतलं. किती नाणी होती ते आत्याला आठवत नाही. पण आता ती आणखी दोघा भावांना विचारणार आहे.

तुमच्याही घरात असं काही असेल, तर आजच फोन करा.