रत्नाचे कोंदण : बंद व मोकळ्या जडावाचा विचार

मराठीत 'कोंदण' हा शब्द रत्न बसविण्याच्या घराला लावतात, तसाच त्या कामी लागणाऱ्या शुद्ध सोन्याच्या पत्र्यालाही लावतात. या दुहेरी अर्थातच भारतीय जडावकामाचे मर्म आहे. अत्यंत शुद्ध सोने नुसत्या दाबाने, अग्नीवाचून, एकजीव होते. म्हणून कारागीर घरात लाख भरतो, तीवर चकाकीसाठी डांक ठेवून रत्न बसवितो आणि भोवतीच्या फटीत सोन्याचा पत्रा दाबून कडा घट्ट करतो. उष्णता लागत नसल्याने पाचूसारखे नाजूक रत्न सुरक्षित राहते. वेड्यावाकड्या आकाराचे खडेही बसतात, आणि संगेयशबासारख्या दगडावरही जडाव करता येतो.

या बंद कोंदणाला जडावकलेची अप्रगत अवस्था मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती ग्राह्य धरणे कठीण आहे. एक तर बंद कोंदण केवळ भारतीय नव्हे. फ्लॉरेन्सचा सुवर्णकार चेल्लिनी याने १५६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रत्नाखाली ठेवावयाच्या डांकांची चर्चा केली आहे. दुसरे असे की, कोंदणाची निवड रत्नाच्या पैलूंवर अवलंबून असते. भारतीय कारागिराचा कल वजन राखण्याकडे होता. अशा उथळ पैलूंच्या रत्नास मागून डांकेचा आधार लागे. युरोपात पैलू गणिती काटेकोरपणे पाडले जाऊ लागले, तेव्हा चकाकी रत्नाच्या अंगीच आली आणि ते प्रकाशात उचलून धरणारे नखीचे कोंदण सोयीचे ठरले. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा नख्यांची अंगठी प्रचारात आणली, ती याच क्रमात.

कोहिनूरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो प्रेक्षकांना निस्तेज वाटला. १८५२ साली त्यास पुन्हा पैलू पाडण्यात आले व त्याचे वजन सुमारे १९१ वरून १०५.६ मेट्रिक कॅरटवर आले. एका परंपरेचे रत्न दुसरीच्या कसोटीस उतरविण्याची ही किंमत होती.

तथापि बंद कोंदणाचे दोषही नाकारता येत नाहीत. लाख उष्णतेने मऊ होते, ओल शिरल्यास डांक काळवंडते, आणि पाठ झाकलेली असल्याने खड्याचा रंग खरा की डांकेचा, हे कळत नाही. नखीच्या कोंदणात रत्न तपासता येते. पण नखी झिजली वा वाकली की ते निसटते.

तेव्हा 'उत्तम कोंदण कोणते' या प्रश्नास कालनिरपेक्ष उत्तर नाही. रत्नाचा कठीणपणा, त्याचे पैलू आणि अलंकाराचा वापर यांच्याशी जे जुळते ते उत्तम. संग्रहालयातील अलंकाराचा काळ ठरवितानाही हेच ध्यानी ठेवावयास हवे. रत्ने एका अलंकारातून दुसऱ्यात जातात. म्हणून रत्नाचा काळ आणि कोंदणाचा काळ यांचा निर्णय स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.