पेमेंट गेटवे (लघुउद्योगाचे ऑनलाइन दुकान)

पेमेंट गेटवे : स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याला यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग किंवा वॉलेटमधून पैसे स्वीकारता यावेत म्हणून घेतली जाणारी सेवा. भारतात या व्यवसायावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असून त्याला ‘पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७’ या कायद्याचा आधार आहे. रत्नागिरीचा आंबा, येवल्याची पैठणी किंवा घरगुती मसाले विकणाऱ्या लहान उद्योजकाला आता मोठ्या बाजारमंचाचा आधार न घेता थेट विक्री करता येते, ती या सेवेमुळे.

ग्राहकाच्या खात्यातून पैसे निघणे आणि ते दुकानदाराच्या खात्यात जमा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही तासांचे, बहुधा एक ते तीन दिवसांचे अंतर असते. नवख्या दुकानदाराच्या बहुतेक अडचणी या अंतरातूनच निर्माण होतात, त्यामुळे या मधल्या काळात पैसे कोणाकडे असतात हे आधी समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन प्रकारच्या संस्था वेगळ्या केल्या. गेटवे फक्त तांत्रिक वाहिनी पुरवतो. पेमेंट अ‍ॅग्रिगेटर मात्र अनेक दुकानदारांच्या वतीने पैसे स्वीकारतो आणि नंतर ज्याचे त्याला देतो. बँक नसलेल्या अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि दुकानदारांचे पैसे अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात. ते स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाहीत. अर्जाच्या वेळी किमान १५ कोटी रुपये आणि पुढे २५ कोटी रुपये निव्वळ मूल्य असण्याची अटही त्या वेळी घालण्यात आली. लहान दुकानदार रोजच्या बोलण्यात ज्याला गेटवे म्हणतो, तो प्रत्यक्षात बहुधा अ‍ॅग्रिगेटर असतो. मुंबईत सुरू झालेल्या बिलडेस्क व सीसीअ‍ॅव्हेन्यू या कंपन्या या क्षेत्रातील जुन्या. रेझरपे, कॅशफ्री या त्यानंतरच्या. सेवा निवडताना दराआधी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची खात्री करावी.

नोंदणीसाठी पॅन, बँक खात्याचा पुरावा (बहुधा रद्द केलेला धनादेश), मालकाची केवायसी आणि व्यवसायाचा दाखला मागतात. दाखला म्हणून चालणारी लघुउद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य होते. महाराष्ट्रात थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावतीही चालते. खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मागितली जाते. अर्ज अडकतो तो मात्र बहुधा संकेतस्थळामुळे. पत्ता व संपर्क, माल पाठवण्याची मुदत, परतीचे व परताव्याचे नियम आणि गोपनीयता धोरण ही पाने तयार नसतील तर मंजुरी लांबते. ती दुसऱ्याच्या दुकानावरून उतरवून घेऊ नयेत. ग्राहकाने तक्रार केली की याच पानांवरचा शब्द दुकानदाराला बांधून ठेवतो.

शुल्क साधारणतः व्यवहाराच्या दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. हजार रुपयांच्या मागणीवर वीस रुपये शुल्क आणि तीन रुपये साठ पैसे कर वजा होऊन खात्यात ९७६ रुपये ४० पैसे येतात. हिशेबाच्या वहीत विक्री मात्र हजार रुपयांचीच लिहायची. खात्यात जमा झालेली रक्कम हीच विक्री धरली तर उलाढाल कमी दिसते आणि विवरणपत्राचा मेळ बसत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर (दुकानदाराकडून घेतले जाणारे बँकेचे व्यवहार शुल्क) १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही काही सेवा स्वतंत्र शुल्क लावतात, म्हणून करारापूर्वी दरपत्रक लेखी मागावे. ग्राहकाला पैसे परत केले तरी आधी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, हेही किंमत ठरवताना लक्षात घ्यावे.

दिवसाला दोन-चार मागण्या असताना पुष्कळ जण क्यूआर कोड पाठवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट मागवतात. सुरुवातीला हे चालते, पण स्क्रीनशॉट हा पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे; तो सहज बनवता येतो. बँकेच्या नोंदीत रक्कम दिसल्याशिवाय माल बांधू नये.

गेटवे जोडल्यावरही हाच नियम वेगळ्या रूपात लागू होतो. ग्राहक पैसे भरतो, ‘यशस्वी’ असा संदेश त्याच्या फोनवर येतो आणि तो दुकानाच्या पानावर परत येतो. पण परत येण्याआधीच त्याची रेंज गेली तर पैसे गेले आणि मागणी ‘प्रलंबित’ राहिली, असे होते. यासाठी गेटवे आपल्या सर्व्हरवरून दुकानाच्या सर्व्हरला थेट सूचना पाठवतो. तिला वेबहूक म्हणतात. मागणी पक्की करायची ती या सूचनेवरून. सूचनेसोबत येणारी डिजिटल सही गुप्त किल्लीने तपासावी, नाहीतर खोटी सूचना पाठवून कोणीही माल उकळू शकतो. तीच सूचना दोनदाही येऊ शकते, तेव्हा एका मागणीचा माल दोनदा पाठवला जाणार नाही अशी व्यवस्था हवी. रक्कम दुकानाच्या सर्व्हरवर ठरवावी, ग्राहकाच्या ब्राउझरवर सोडू नये. रेझरपेसारख्या सेवांना रक्कम पैशांत कळवावी लागते : पाचशे रुपयांसाठी ५००००. गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या पानात कधीही लिहू नये. वूकॉमर्स किंवा शॉपिफाय ही तयार दुकान-प्रणाली वापरणाऱ्यांचे यातले बरेच काम तयार प्लगइन करते. तरीही चाचणी व्यवस्थेत एक यशस्वी, एक फसलेला आणि एक अर्धवट सोडलेला व्यवहार स्वतः करून पाहावा.

कार्डाचा क्रमांक दुकानाने साठवू नये, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तसे करण्याची मुभाही नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाच्या जागी दिलेला पर्यायी संकेतांक, वापरले जाते. ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी ओटीपीसारखी दुसरी खात्री भारतात २००९ पासून बंधनकारक आहे. काही ग्राहक या पायरीवर खरेदी सोडून देतात हे खरे, पण चोरलेल्या कार्डाने माल नेण्याचे प्रकार तिने पुष्कळ रोखले आहेत.

पैसे कापले गेले आणि दुकानाकडे खात्री पोहोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे; उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. चिडलेल्या ग्राहकाला हा नियम आणि व्यवहार क्रमांक शांतपणे सांगणे हे दुकानदाराचे काम आहे. चार्जबॅकमध्ये ग्राहक आपल्या बँकेकडे थेट हरकत घेतो. तेव्हा पोच, कुरिअरची नोंद आणि बिल ठरलेल्या मुदतीत न दिल्यास रक्कम दुकानदाराच्या हिशेबातून वळती होते. ही कागदपत्रे मागणीगणिक जपून ठेवावीत.

स्वतःच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे अपवाद वगळता, उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. कोल्हापूरहून बेळगावला माल पाठवणाऱ्याच्या हे सहसा उशिरा ध्यानात येते. आयकराच्या ४४एडी कलमाखाली मात्र ऑनलाइन जमेवर आठऐवजी सहा टक्के नफा धरण्याची सवलत २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून मिळाली.

दिवाळीत परदेशातल्या मराठी घरांतून फराळाच्या मागण्या येतात. त्यांची विदेशी कार्डे स्वीकारण्यासाठी गेटवेकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि दरही जास्त असतो. अशा सीमापार सेवा देणाऱ्या अ‍ॅग्रिगेटरांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र चौकट घातली. तीत एका वस्तूमागे कमाल २५ लाख रुपयांची मर्यादा ठरवली. निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड लागतो, आणि पैसे परकीय चलनातून आल्याचा दाखला बँकेकडून किंवा गेटवेकडून मागून घ्यावा लागतो.