तळटीप : जोलिएट ज्युनियर कॉलेज

१. जोलिएट ज्युनियर कॉलेज : शिकागोजवळच्या जोलिएट शहरात १९०१ साली सुरू झालेले, अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. स्थानिक हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे त्याचे संस्थापक. घर न सोडता पदवीची पहिली दोन वर्षे पुरी करता यावीत, हा हेतू. आरंभी विद्यार्थी सहाच. वर्गही हायस्कूलमध्येच भरत. इलिनॉय राज्याच्या १९६५च्या कायद्याने अशा कॉलेजांना स्वतंत्र कारभार मिळाला. त्यानंतर जोलिएटचे कॉलेज हायस्कूलपासून वेगळे झाले आणि शहराच्या पश्चिमेस त्याचे मुख्य आवार उभे राहिले. पुढे शहराच्या मध्यवस्तीत व रोमिओव्हिल येथेही आवारे झाली. प्रस्तुत प्रकरणात लेखकाने इमारतींना दिलेले महत्त्व वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा : आधी विद्यार्थ्यांची गरज, मग वर्ग, आणि आवार सर्वांत शेवटी. — संपादक