लक्षद्वीप आणि ‘ओखी’ चक्रीवादळ

श्रीलंकेजवळ उद्भवलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचे ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीनजीकच्या समुद्रात ‘ओखी’ चक्रीवादळात रूपांतर झाले आणि ते लक्षद्वीपकडे सरकले. ही प्रवाळबेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. आश्रयाला डोंगर नाही. वारा नारळाची झाडे पाडतो, लाटा नौका व धक्के मोडतात. मात्र सर्वांत चिवट धोका पिण्याच्या पाण्याला असतो. बेटांवर नदी नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, हाच विहिरींचा आधार. लाटा आत शिरल्या, तर वादळ ओसरल्यानंतरही विहिरी खारट राहतात. ‘ओखी’त मिनिकॉय व कल्पेनीला तडाखा बसला. जीवितहानी मुख्यतः समुद्रात, केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांची झाली; त्यांच्या अनेक नौकांनी सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आसरा घेतला.